आशीर्वाद ठिव, पाय दे

आमच्या नर्सबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी वाकायच्या आणि पोटुशी सुनेच्या नडगीवर अंगठा दाबायच्या. नाव, चहापाणी नंतर.

मला हे काय ठाऊक! कुरुंद्यात नवी सून, पहिलटकरीण. वय एकोणीस आणि अक्कल त्याहून कमी. बाई पायाशी वाकल्या तेव्हा मला वाटलं, सरकारी माणसं पाया पडत असतील. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून थाटात म्हणाले, "सुखी राहा!"

बाई माझ्या आईच्या वयाच्या. वर बघून म्हणाल्या, "आशीर्वाद ठिव तुझ्यापाशी, पाय दे."

सासूबाई पदर तोंडात कोंबून हसल्या. पुढं वर्षभर गल्लीत मी 'आशीर्वादबाई' होते. तुम्हीही हसून घ्या, मी अजून हसते.

तपासणीत माझं रक्त कमी निघालं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरी येऊन आटलं व्हय?" बाईंनी ताकाच्या गाडग्याकडं बोट दाखवलं. "पाव्हणे आले की ताकाचं काय करता तुमी?"

"पाणी वाढवतो."

"हिचं अंग तेच करून राहिलं. रक्त वाढलं, पण त्यातलं पाणी जास्त वाढलं. पातळ रक्त लेकरापर्यंत बराबर पोचतं. पण नुसतंच पाणी व्हायला नको. लोहाच्या गोळ्या खा, पोरी."

काळी शी होते म्हणून त्या गोळ्या मी हळदीच्या वाफ्यात पुरायची. त्या वर्षी हळद झकास आली.

एक प्रश्न मात्र मी शहाण्यासारखा विचारला. उभ्या जन्मात तेवढाच. "बाई, पायात काटा शिरला तर अंग पू करून त्याला बाहेर काढतं. मग हे एवढं मोठं कसं राहू देतं?"

बाई खूश झाल्या. "लेकरू अर्धं तुझं, अर्धं परक्या घरचं. तरी अंगातले राखणदार त्याला हाकलत न्हाईत. उलट त्यातले काही, नाळ जिथं चिकटते त्या वारेपाशी बसून रक्ताची वाट रुंद करून देतात." मग सासूबाईंकडं बघून म्हणाल्या, "परक्या घरचं आलं तर सांभाळून घ्यावं, एवढी समज अंगाला असती."

सासूबाई चहा ठेवायला उठल्या.

आठव्या महिन्यात घरी हळद शिजवणं सुरू झालं. माझं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पण 'नाजूक सून' कुणी म्हणू नये म्हणून मी कढईपाशी उभी राहायची आणि विचारलं तर हसायची. आता वाटतं, त्या पोरीच्या दोन थोबाडीत द्याव्यात.

बाई आल्या, वाकल्या, अंगठा दाबला. सुजेत खड्डा पडला, लवकर भरेना.

"उभं राहून सुजतेतच की पाय," मी म्हणाले.

"पायाचं सोड. बांगडी फिरव."

काचेची बांगडी मनगटात रुतली होती, फिरली नाही. बाईंनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला. पुन्हा मोजला. त्या दिवशी त्यांनी ताक, पाहुणे काही काढलं नाही. "या दिवसांत रक्ताच्या नळ्या सैल पडाव्या लागतात. हिच्या आवळल्यात. जीप बोलवा, वसमतच्या दवाखान्यात न्यायचं."

"कढई चढवलीय, बाई. सकाळी जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

"सकाळी हळद राहील. पोरगी न्हाई राहायची."

सासूबाईंनी स्वतःच्या हातानं चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं. जीपमध्ये बाईंनी माझा हात धरून ठेवला होता. वसमतला लेक झाली, महिनाभर आधीच. इवलीशी, पण रडली जोरात. आता ती स्वतः दोन लेकरांची आई आहे आणि माझ्यावरच डाफरते.

बाई आता नाहीत. गेल्या वर्षी त्यांना भेटायला कळमनुरीला गेले होते. खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. मी वाकले, तसा त्यांनी हात उचलला. "सुखी रा..."

"आशीर्वाद ठिवा तुमच्यापाशी, पाय द्या."

बाई ठसका लागेपर्यंत हसल्या. मी नडगीवर अंगठा दाबून उचलला.

"पडला का खड्डा?"

"व्हय, बाई."

"डॉक्टरला दाखवलंय. तू चहा घे."

दोघी त्या खड्ड्याकडं बघत बसलो. चहा आला, निवला, वर साय धरली. खड्डा भरला नव्हता.