मागची फळी

"बोट बोलतीय. तुमी गप ऱ्हावा!" असं खेकसून मिस्त्री डोळे मिटायचे, पेचकसाच्या मुठीनं बोटीच्या अंगावर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. विकणारा माणूस बाजूला उभा राहून कितीही गोड बोलो, त्याच्याकडे ते वळून बघत नसत.

गुलमंडीतल्या माझ्या दोर-जाळ्यांच्या दुकानात कधी आला असाल, तर पायरीवर बसलेला तो खाकी शर्टातला किडकिडीत म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. धरणावरच्या सरकारी लाँचवर मेकॅनिक म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर ते हर्सूलहून रोज यायचे. कुणाला जुनी बोट घ्यायची असली की ती आधी तपासून द्यायचे. फी दोन हजार. ती ऐकून बहुतेकांचं तोंड वाकडं व्हायचं. "नुसतं बघायचे दोन हजार?"

"बघायचे नाय," मिस्त्री भडकायचे. "दिसलेलं तोंडावर सांगायचे!"

माझ्या मेहुण्याला पर्यटकांना पक्षी दाखवायला पैठणच्या धरणात, नाथसागरात, बोट टाकायची होती. एका व्यापाऱ्याची फायबरची बोट त्याला आवडली. बाहेरून आरशासारखी. मिस्त्री तिच्याखाली दोन तास सरपटले. शेवटी जिथं इंजिन बसवतात त्या मागच्या फळीत त्यांनी पेचकस टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि काळं पाणी गळायला लागलं. वहीच्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'आतलं लाकूड सडलं आहे. फळी इंजिनासकट निघेल. घेऊ नये.' मेहुण्यानं बोट घेतली नाही, पण फी देताना कुरकुरलाच.

पुढच्याच महिन्यात पैठणकडचे दोघे भाऊ दोर घ्यायला दुकानात आले. मासेमारी करणारे, नवी बोट घेतल्याच्या खुशीत. मोबाइलवर त्यांनी फोटो दाखवला. रंग आता निळा होता, पण मेहुण्यानं सोडलेली बोट तीच, विकणारा व्यापारीही तोच.

"तपासून घेतली का?" मी विचारलं.

"तपासायच्या पैशात जाळं येतंय की, शेट," धाकटा हसला.

मी दोर मोजून दिला. तो व्यापारी माझं मोठं गिऱ्हाईक होता. मी गप्प बसलो. हे लिहितानाही स्वतःची चीड येते.

संध्याकाळी मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा ते ताडकन उठले. "तुमची जीभ झडली व्हती का? कागद तुमच्याच मेव्हण्याकडं पडलाय ना?"

ते भाऊ पाचोडच्या बाजारात मासे विकत. बाजाराच्या दिवशी मिस्त्री एसटीनं तिथं गेले. फी मागायला नाही, नुसतं सांगायला. थोरला त्यांच्या अंगावर धावून आला. "कोण्या दलालानं पाठवलं तुला? सौदा मोडाया आलास व्हय?" लोक हसले. मिस्त्री परत येऊन पायरीवर बसले. "मी फुकट सांगितलं म्हून त्यास्नी ते खोटं वाटलं," एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी भर दुपारी वारा सुटला आणि पाण्याच्या मध्यावर ती फळी इंजिनासकट उखडली. थोरला पोहत काठाला लागला. धाकटा दुसऱ्या दिवशी सापडला.

व्यापाऱ्यानं जबाब दिला की पोरांनी बोटीत वजन जास्त भरलं होतं. मला फोन करून म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचा कागद फाडून टाका. आपले संबंध जुने आहेत." या वेळी मात्र मी मेहुण्याच्या कपाटातून कागद काढला, मिस्त्रींबरोबर पोलीस ठाण्यात गेलो आणि सही केली. मिस्त्रींनी माझं कौतुक केलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "ही सही दोन महिने आधी तोंडानं केली असती, तर?"

केस अजून चालू आहे. साक्षीला मिस्त्री आता नाहीत. या उन्हाळ्यात ते गेले. पण त्याआधीचा एक दिवस तुम्हाला सांगायलाच हवा.

पंचनामे आटोपून, फोटो काढून पोलिसांनी बोट थोरल्याला परत दिली. ती काठावर पालथी पडून होती. एक दिवस त्यानं मिस्त्रींना फोन केला. "दलाल आलाय. नवी फळी ठोकून, रंग मारून दुसऱ्याला विकतो म्हणतोय. काय करू, मिस्त्री?"

मिस्त्रींनी मला गाडी काढायला लावली. जाताना वाटेत दोन मुठींची मोठी करवत घेतली. काठावर दलाल उभाच होता. त्याच्याशी एक शब्द न बोलता मिस्त्री गुडघ्यावर बसले आणि बोटीच्या मधोमध करवत चालवू लागले. म्हाताऱ्या हातांना ते फायबर दाद देईना. शिव्या चालू होत्या, पण त्या नेमक्या कुणाला, कळत नव्हतं.

मग थोरला पुढं झाला, करवतीचं दुसरं टोक त्यानं हातात धरलं.

"ओढ," मिस्त्री म्हणाले.

दोघं ओढत राहिले. थोरला रडत होता. दलाल मोटारसायकल काढून निघून गेला. बोटीचे दोन तुकडे झाले तरी त्यांचे हात थांबले नव्हते. ते खालची माती कापत होते.