कमीच धरा

"कमीच धरा, सर." हाताचा पंजा खाली दाबत ती हे म्हणायची. डब्यात भाकरी किती? "एकच." निघायच्या तीन. पाथर्डीहून एसटीने किती वेळ? "तासभर." उगवायची दोन तासांनी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो. मीही हसायचो.

नागापूरच्या छोट्या ऑफिसात ती आणि मी रुग्णवाहिकांना वाट सुचवणारा प्रोग्राम लिहीत होतो. प्रत्येक फाट्यावर तो सगळ्या वाटा तपासत बसला तर उशीर व्हायचा. म्हणून तिने दवाखान्यापासून उलटं मोजत, रस्ता अगदी रिकामा धरून, प्रत्येक फाट्यापासूनची मिनिटं काढली आणि तक्त्यात भरून ठेवली. प्रोग्रामने तक्ता बघायचा आणि कुठली वाट आधी तपासायची ते ठरवायचं.

"रस्ता रिकामा कधी असतो का गं?" मी चिडवलं.

"कमी धरलं तर एखादी वाट फुकट तपासंल, एवढंच. जास्त धरलं तर चांगल्या वाटंकडं बघनारच न्हाई."

मला पटलं नाही. गाडी रुतून बसेल या काळजीपोटी, तिला न सांगता, मी शेतांमधल्या पाणंदींच्या आकड्यांत दहा-दहा मिनिटं वाढवली.

ऊसतोडीच्या दिवसांत श्रीरामपूरकडच्या फडावर तिच्या बहिणीला कळा सुरू झाल्या. तिला घेऊन रुग्णवाहिका निघाली. भर दुपारी आम्ही नकाशावर गाडीचा ठिपका बघत होतो. तो डांबरी रस्त्याला लागला आणि उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकला.

"पाणंदीनं का न्हाई गेली, सर?"

"मी... दहा वाढवलेत."

तिने ड्रायव्हरला फोन लावला. "दादा, मागं फिरा. पाणंदीनं घ्या, मोकळी हाय." आवाज शांत होता, पण फोन दोन्ही हातांनी धरला होता. ठिपका वळला, पाणंदीत शिरला आणि थांबला. रेंज गेली असेल, मी म्हणालो. ती पडद्याला बोट लावून उभी राहिली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटी ठिपका उगवला तो दवाखान्याच्या दारात. बहीण वाचली. बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी यायला हवं होतं.

आठवड्याने ती आली, मला शेजारी बसवलं आणि माझे दहा-दहा एकेक करून काढले. मी माफी मागितली. "भ्यालात म्हनून वाढवलं ना," एवढंच म्हणाली. महिनाअखेर नोकरी सोडून बहिणीकडे गेली.

प्रोग्राम अजून चालतो. ठिपका कुठे थांबला की मी पडद्याला बोट लावतो आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीला विचारतो, "कमीच धरलंय ना गं?"