मंत्र्याला हे नेहमीचंच

मेलेल्या माणसाला आजचं हवामान सांगणारा अख्ख्या आयर्लंडमध्ये एकच माणूस असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला. मी पॅथॉलॉजिस्ट, शवविच्छेदनं करते. नावन गावातल्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या रुग्णालयात शवागार सांभाळायला एक साठीचे चिनी गृहस्थ होते. कप्पा उघडण्याआधी ते टकटक करत, क्षणभर थांबत आणि मगच ओढत. चादर बदलताना सांगत, "बाहेर धो धो पाऊस आहे आज्जी, तुमचं काही हुकत नाहीये." इथवर ठीक. पण मधेच मान कलती करून ऐकत आणि "हो का?" म्हणत, तेव्हा वीस वर्षं हेच काम केलेली मी गर्रकन मागे वळून बघत असे. एकदा एका आजोबांचं ऐकून त्यांनी दिवा मंद केला. "डोळ्यांवर येतोय म्हणतात." मी मुकाट्याने अंधारात रिपोर्ट लिहिला.

"अहो, इतक्या वर्षांत सवय नाही झाली तुम्हाला?" मी शेवटी वैतागून विचारलं.

"तीच व्हायला नको, डॉक्टर." हातमोजे काढून त्यांनी गोष्ट सांगितली. फार पूर्वी चीनमध्ये एका मंत्र्याने मेजवानी दिली. तिथलं गाणं ऐकून एक पाहुणा इतका हेलावला, की त्याने बसल्या जागी कविता केली: यजमानांना हे रोजचंच, आतडं तुटतंय ते माझं. त्यावरून चार अक्षरांचा वाक्प्रचार झाला, 'मंत्र्याच्या नजरेला सरावलेलं'. बघून बघून जे दिसेनासं होतं, त्या कशालाही आता तो लावतात. "मी मंत्री झालो, की त्या दिवशी घरी जाणार," ते म्हणाले.

"मग आम्ही डॉक्टर म्हणजे मंत्रिमंडळच की!"

ते हसले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी एक कप्पा सरळ ओढला. आतल्या बाईंना टेबलावर आणलं, अवाक्षर न बोलता. खोली इतकी गप्प, की यंत्राची घरघर अंगावर आली. दुपारी ते राजीनाम्याचा कागद घेऊन माझ्यापुढे उभे.

"एकदा विसरलात म्हणून नोकरी सोडतं का कुणी?"

"विसरलो नाही, डॉक्टर. आठवलं होतं. कंटाळा आला."

मी कागद ठेवून घेतला.

नवा माणूस चटपटीत आहे. बारापर्यंत कामं उरकतात, तक्रारीला जागा नाही. मी मात्र अधूनमधून त्या बाईंचा चेहरा आठवून बघते. दीड तास त्या माझ्यासमोर होत्या. आठवत नाही. त्या गृहस्थांना नक्की आठवत असेल. एकदा फोन करून विचारावं म्हणते.