गाळलेल्या ओव्या

श्रीमती गोदाबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त आमच्या दिवेआगरच्या वाचनालयाने हा छोटासा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि पहिला लेख माझ्याकडे मागितला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. गावात लिहिणारी माणसे काही कमी नाहीत. मग मलाच का विचारले? मी स्वभावाने संशयी माणूस आहे, हे गावाला ठाऊक आहे. गोदाबाईंशी माझी ओळखही संशयातूनच झाली. ती कशी झाली हे माझ्याच हातून छापून यावे, अशी चालकांपैकी कोणाची तरी इच्छा दिसते. हरकत नाही. लिहितो.

महायुद्ध संपून तीन-चार वर्षे झाली असतील. चातुर्मासात देवळात दुपारी पोथी सांगण्याचे काम माझ्याकडे होते. दोन वाजता वाचन सुरू होई. ऐकायला बहुतेक बायकाच असत. कोणी वाती वळत, कोणी मांडीवरचे मूल थोपटत. त्यांतल्या कोणाजवळ पोथी नसे, आणि असती तरी ती वाचणार कोण? त्यामुळे रोज काय वाचले गेले हे मला आणि देवाला, एवढ्या दोघांनाच कळत असे, आणि देवाने आजवर कधी तक्रार केली नव्हती.

हे सांगायचे कारण असे, की मी ओव्या गाळत असे. शेजारच्या गावीही संध्याकाळी माझेच वाचन असे. दोन गावांचा पुराणिक म्हणवून घ्यायची मला हौस होती. तिकडे जायचे तर किनाऱ्याने चालत जाऊन खाडीचे तोंड ओलांडावे लागे. भरतीचे पाणी चढायच्या आत तिथे पोहोचलो नाही, तर डोंगराला मोठा वळसा पडे. म्हणून एखादी वंशावळ, एखादे नगराचे वर्णन मी अलगद सोडून देई. कथेचा धागा तुटू देत नसे, हे मात्र आवर्जून नमूद करतो.

त्या वर्षी श्रावणात सभामंडपाबाहेरच्या ओट्यावर, खांबाशी, एक साठीच्या बाई मांडीवर पोथी उघडून बसलेल्या दिसल्या. त्याच गोदाबाई. यजमान गलबतावर तांडेल होते. ते गलबतासकट समुद्रात गेले, त्याला बरीच वर्षे झाली होती. बाईंना अक्षरओळख नाही अशी माझी समजूत होती. पण त्या ओळीवर बोट ठेवून माझ्या मागोमाग सरकत होत्या. मी दहा ओव्या सोडल्या, तसे बोट थांबले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले, आणि माडाच्या झावळीच्या हिराचा, म्हणजे ताठ काडीचा, बोटभर तुकडा त्या पानात खोचून ठेवला.

तो दिवस कसाबसा पार पडला. दुसऱ्या दिवशी पोथीत आणखी दोन हीर होते. आठवडाभरात त्यांच्या पोथीला दाढी फुटल्यासारखी दिसू लागली. बाई काही बोलत नसत, आणि त्यामुळे तर मला जास्तच धास्ती वाटे. पुरावा गोळा चालला आहे, याविषयी माझी खात्री पटली. प्रश्न एवढाच होता, की तो कोणासाठी? देवळाच्या पंचांपैकी अण्णांचा एक पुतण्या माझ्या जागेवर डोळा ठेवून होता. एके दिवशी अण्णांना मी गोदाबाईंच्या पडवीत बसलेले पाहिले आणि सगळा उलगडा झाला असे मला वाटले.

चार दिवस मी अक्षर न् अक्षर वाचले. खाडीला पाणी भरले, डोंगरावरून जावे लागले, आणि पलीकडच्या गावातले लोक ताटकळून घरी गेले. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा गाळू लागलो. हीरही पुन्हा पडू लागले.

समाप्ती जवळ आली. आमच्या देवळाची रीत अशी, की शेवटच्या दिवशी पुराणिकाने हातात तुळस घेऊन उदक सोडायचे आणि पोथी पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचून झाली, असे देवासमोर मोठ्याने सांगायचे. इतकी वर्षे मी ते बेधडक सांगत आलो होतो. या खेपेला मात्र समोर हिरांनी भरलेली पोथी असणार होती. जागा तर जाणारच होती, पण भर सभेत खोटारडा ठरणार या विचाराने मला अन्न गोड लागेना.

आदल्या दिवशी सकाळी मी बाईंना गाठायचे ठरवले. त्यांचे घर वाडीच्या टोकाला. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी पोहोचलो तर आतून वाचनाचा आवाज आला. एकेक अक्षर जुळवत, अडखळत, पण मोठ्याने. मी गडग्याआड उभा राहून ऐकू लागलो. काल मी सोडलेली वंशावळ होती ती. एकही नाव त्यांनी चुकवले नाही. ती संपली, तेव्हा त्यांनी पानातला हीर काढला आणि उलटा करून पुन्हा खोचला.

"बुवा, आडोशाला का हुबे? वर या," त्यांनी हाक मारली. मी पडवीत गेलो आणि बसण्यापूर्वीच विचारले, "हे हीर कोणाला दाखवायला ठेवता? अण्णांना?"

उत्तर त्यांच्या सुनेने दिले. चंद्राबाई माहेरी चार इयत्ता शिकलेल्या. सासूबाईंना अक्षरे त्यांनीच शिकवली होती. "तुम्ही जिथं सोडता तिथं हीर घालतात," त्या म्हणाल्या, "आनि घरी येऊन तेवढं वाचून काढून हीर उलटा करतात. देवाला पोथी तुटकी जाऊ नये म्हणून."

"अण्णा आलं व्हतं इचारायला," गोदाबाई म्हणाल्या. "बुवा समदी वाचतात का, म्हून. मी सांगितलं, पोथी पुरी व्हते. खोटं न्हाय बोलले."

"तुम्हांला कळले कधी?"

"पयल्या म्हयन्यातच. पुनवेला आनि आवसेला पोथी पुरी असते. षष्ठीपास्नं नवमीपतूर आखूड व्हते. तांडेलाची बायको हाय मी, बुवा. त्याच तिथींना सांजचं पानी चढतंय, ते मला कळतंय. तुमाला खाडी गाठायची असते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तुमी वाईट न्हाय. घाईचे हायसा."

मला लाज वाटली, तरी संशय काही सुटला नाही. साठाव्या वर्षी अक्षरे गिरवून, दुसऱ्याने सोडलेल्या ओव्या कोण वाचते? तसे मी विचारलेही. तेव्हा त्यांनी आतून एक कापडी बटवा आणला. त्यात तांडेलांची पत्रे होती, मुंबईच्या बंदरावरून कोणाकडून तरी लिहवून घेतलेली. त्या काळी ती गावातल्या एका वाचत्या गृहस्थांकडून, चार माणसांत, ओटीवर वाचून घ्यावी लागत. तांडेल गेल्यावर ती तशीच राहिली. सुनेकडून अक्षरे शिकल्यावर गोदाबाईंनी पहिली वाचली ती ही पत्रे. प्रत्येक पत्राच्या शेवटी दोन-तीन ओळी अशा होत्या, ज्या त्यांनी कधीच ऐकल्या नव्हत्या. तांडेलांनी त्यांची चौकशी केली होती. खोकला थांबला का, एकटीला भीती वाटते का, असे विचारले होते. शेवटच्या पत्रात, मी एवढे विचारतो, तू उत्तर का देत नाहीस, असे होते.

"वाचनारा लाजला आसंल," त्या म्हणाल्या. "बायकोचं चार मानसांत कसं वाचावं, म्हून सोडलं आसंल. त्यालाबी वाईट म्हनत न्हाय. पर ह्यांना वाटलं, मी उत्तर धाडलं न्हाय."

मी विचारले, की आपण वाचलेले देवाला पोचते असे तुम्हांला खरेच वाटते का? गोदाबाईंनी पत्रे पुन्हा बटव्यात घातली. "ते म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. "मला पोचतं."

समाप्तीच्या दिवशी मी तुळस हातात घेतली. मी म्हणालो, "ही पोथी मी अर्धवट वाचली. राहिलेली गोदाबाईंनी वाचली. दोघांची मिळून पुरी झाली." मग उदक सोडले. सभामंडपात कुजबुज सुरू झाली. अण्णांना यात काहीतरी काळेबेरे दिसले. नक्की किती ओव्या गाळल्या, हे ते पुनःपुन्हा विचारत राहिले. पुढच्या वर्षी पुतण्याला बसवावे, असे त्यांनी तिथेच सुचवले. तेव्हा खांबापासून गोदाबाईंचा आवाज आला, "बसू द्या की. मी पोथी घिऊन हितंच हाय." पुतण्याने त्यानंतर ती गोष्ट काढली नाही. पलीकडचे गाव मी सोडून दिले.

पुढे गोदाबाईंनी आपल्या पडवीत बायकांना वाचायला शिकवायला सुरुवात केली. आज आमच्या वाचनालयात येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तिथून आलेल्या आहेत. "माज्यावर इस्वास ठेवू नका, पानावर बघा," हा त्यांचा पहिला धडा. एकदा एका सासुरवाशिणीचे माहेरचे पत्र त्यांच्याकडे वाचायला आले. तिच्या दिरांनी बाजूला घेऊन सांगितले, की भाऊ आजारी असल्याचे तेवढे वगळा. गोदाबाईंनी ते वाचले, आणि मग त्या मुलीला जवळ घेऊन तिचे रडणे संपेपर्यंत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पोहोचवायलाही त्याच गेल्या.

उतारवयात माणूस देवधर्माला लागला की त्याला कोणीही काहीही सांगावे, असे मी समजत असे, आणि खरे सांगायचे तर त्या समजुतीवर माझे बरे चालले होते. गोदाबाईंमुळे ते संपले. त्यांची भक्ती मला आजही पुरती उमगलेली नाही. पण माझ्या आयुष्यात मी ज्यांच्यावर कधी संशय घ्यायचा नाही असे ठरवले, अशा त्या एकट्याच आहेत.

आता त्यांच्या डोळ्यांना अक्षर दिसत नाही. म्हणून मी रोज दुपारी त्यांच्या पडवीत जाऊन पोथी वाचतो. कोठे जायचे नसते, खाडी गाठायची नसते. वंशावळी, नगरांची वर्णने, सगळे वाचतो. गोदाबाईंनी शंभरी पार करावी, त्यांच्या कानांना आणि स्मरणाला कधी थकवा येऊ नये, आणि ही पोथी आम्हा दोघांकडून आणखी पुष्कळ वेळा पुरी व्हावी, एवढेच त्या देवाजवळ मागतो.

कालच वाचता वाचता मी जरा थांबलो, पाणी प्यायलो. गोदाबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारले, "बुवा, आज तिथी कंची?"

"षष्ठी," मी म्हणालो.

"मंग मागल्या पानापास्नं वाचा."