इथं माणसं चालवून मिळतात

फिजिओथेरपिस्टकडे किस्से साठतातच. माणूस अर्धा तास पलंगावर आडवा, गुडघ्याला मशीन लावलेलं, मोबाइल लांब टेबलावर. मग तो बोलण्याशिवाय करणार काय? आणि माझं कामच चालण्याशी, त्यामुळे निम्मे किस्से त्या एका शब्दावर येऊन अडखळतात. मी नाशिकची. लग्न होऊन महाडला आले, छोटा दवाखाना काढला. तोवर मला वाटायचं, ‘चालणे’ म्हणजे काय ते आपल्याला कळतं!

* * *

पहिले पेशंट पोलादपूरकडचे शेतकरी, सखारामकाका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी नवी, उत्साहात विचारलं, “काय काका, आता चालतं का?”

काकांचा चेहरा खुलला. “चालतं की! मच्छी चालते, मटण चालतं, कोंबडी चालते. फक्त सोमवारचा नाय चालत!”

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी खेकड्याच्या रश्शाचा डबा घेऊन आले. मंगळवार होता!

* * *

सुरुवातीला दवाखाना काही चालेना. आई फोनवर रोज विचारायची, “चालतंय का गं?” मी म्हणायचे, “चाललंय.”

वीर स्टेशनवर रिक्षा लावणारे सुभाषभाऊ माझ्याकडे कंबरेसाठी यायचे. एकदा ते दारातल्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, “मॅडम, ह्या पाटीवर तुमचा दवाखाना नाय चालायचा. ‘फिजिओथेरपी’ वाचतानाच पेशंटाला दम लागतो! साधा लिवा ना, इथं माणसं चालवून मिळतात!”

मी हसले. पाटी काही बदलली नाही. पण भाऊंनी स्टेशनवर लंगडत उतरणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचा सपाटा लावला.

आठवड्याभरात एक आजोबा बायकोला हाताला धरून घेऊन आले. तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “हिला ठेवून जातो. चालवून कधी मिळेल? आमाला संध्याकाळची गाडी हाय!”

त्या आजी पुढे तीन महिने येत होत्या. येताना शेजारपाजारच्यांनाही आणायच्या. आईला मी खरं उत्तर द्यायला लागले ते भाऊंमुळे.

* * *

पार्वतीआजींचं खुब्याचं हाड मोडलेलं. हाड जुळलं, पण पडायची भीती काही जाईना. खाट सोडायला तयार नाहीत.

मी म्हटलं, “आजी, फक्त दारापर्यंत.” मग, “आलोच आहोत तर पायरीपर्यंत.” मग, “समोरच्या खांबापर्यंत, बस्स!” असं फसवत फसवत एक दिवस आम्ही थेट चहाच्या टपरीवर पोचलो. आजी बाकड्यावर बसल्या. वळून मागे दवाखान्याकडे बघितलं. किती लांब आलो ते लक्षात आलं.

“अगो बाय! ही डॉक्टरीण लय चालू हाय गो!”

टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली!

मी दोन चहा सांगितले. “नाही हो आजी, चालू तुम्ही झालात!”

* * *

एका वर्षी पुराचं पाणी दवाखान्यात शिरलं. ओसरल्यावर बघते तर मशीनं, पलंग, भिंती, सगळं चिखलात. मी पायरीवर बसून रडत होते.

तेवढ्यात बाजारात भाजी विकणाऱ्या सुनंदाताई खराटा घेऊन हजर. ह्यांचा खांदा आखडलेला. “हात चालत नाय,” म्हणून कित्येक आठवडे माझ्याकडे येत होत्या, वेणीसुद्धा घालता येत नव्हती. आणि आता सपासप चिखल ओढताहेत!

“अहो ताई, तुमचा हात चालतोय!”

“आज चालतोय. उद्या नाय चालायचा. तवा बोलू नका, मशीन उचला आधी!”

त्यांचं स्वतःचं घरही चिखलात होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

* * *

नितीन एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. लग्न ठरलं, आणि पंधरवड्यात बाइक घसरून पाय मोडला. गावात कुजबुज सुरू झाली की आता सोयरीक मोडणार. माझ्याकडे व्यायामाला यायचा तो मान खाली घालूनच.

एका दुपारी मुलीचे वडील दवाखान्यात आले. मागे मुलगी. नितीन चालायच्या सरावाच्या दोन आडव्या दांड्यांना धरून घामाघूम उभा. वडिलांनी त्याच्यासमोरच मला विचारलं, “डॉक्टर, स्पष्ट सांगा. मुलगा चालेल ना?”

मी शब्द जुळवत होते. “हे बघा, वेळ लागेल, पण...”

“बाबा,” मागून आवाज आला, “तो नाय चालला तरी मला चालेल!”

वडील वळले लेकीकडे. मी नितीनकडे. आणि नितीनने दोन्ही दांड्या सोडलेल्या! आधाराशिवाय उभा, पहिल्यांदाच.

* * *

डोंगरावरच्या कुडपणचे धोंडूकाका. लकव्याने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगे मुंबईला, घरी फक्त जनाकाकू. दर आठवड्याला त्या काकांना जीपमध्ये घालून खाली आणायच्या. मी शिकवलेला व्यायाम रोज करून घ्यायच्या, अंगणात धरून चालवायच्या.

“मॅडम, ह्यांच्या आवाजानं माळ दणाणायचा. मी कावायची, जरा हळू बोला म्हणून,” काकू एकदा म्हणाल्या. “आता घर खायला उठतं. बोलतील ना?”

मी खोटं बोलू शकले नाही. “काकू, सांगता येत नाही.”

पावसाळा संपता संपता एके दिवशी काकू एकट्याच घाईने आत आल्या. डोळे लाल. मी हातातलं काम टाकून उठले. त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढला.

“मॅडम, बोलले!”

“काय सांगता! काय म्हणाले?”

“सकाळपासनं मी मागं लागलेली. उठा, चला. उठा, चला. तर एकदम कडाडले, ‘चालती हो!’”

सांगता सांगता त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून धार लागलेली. माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

काकूंनी पदराने डोळे पुसले.

“म्हटलं, तुमी चला फुडं. मी हायेच मागं.”