भिकुबाईच्या नावाचं नाणं

अभिमन लढाईवर गेला होता, असं म्हणायची आमच्या गल्लीत पद्धत होती. खरं तर सुएझहून जेद्द्याला सामान नेणाऱ्या बोटीवर तो खेचरांचा चारा उचलत होता. बंदूक त्याने लांबून पाहिली असेल, तर असेल. पण पारोळ्याला परतला तो अशी छाती काढून, की तुर्कांना जणू यानेच हाकललं!

इकडे त्याची बायको भिकुबाई मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली होती. अभिमनने चारचौघांत डोळे पुसले आणि वर्षाच्या आत झुंबरला करून आणली. दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा, चेहरा ठोकलेला चांदीचा टाक हवा. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. सवतीचा मान राखला नाही तर ती घर नांदू देत नाही, असं आमच्याकडे मानतात. टाक सोनार घडवतो, आणि सोनार फुकट घडवत नाही. तिथे अभिमनचा हात आखडला.

त्याने ट्रंकेतून अरबांकडून आणलेलं एक जाडजूड नाणं काढलं. त्यावर भरल्या अंगाची, उघड्या छातीची कुणी गोरी राणी होती आणि तिच्या गालाशी अरबी अक्षरांचा बारीक ठप्पा. त्याला कडी बसवून, काळ्या दोऱ्यात ओवून त्याने ते झुंबरच्या गळ्यात घातलं.

"हाई भिकुच शे," तो म्हणाला. "तठला नवा राजाना सोनारनी तिनं नाव लिखी दिन्हं."

भिकुबाई काडीसारखी बारीक होती. डोक्यावरचा पदर तिने मरतानाही ढळू दिला नसेल. तरी गल्लीने माना डोलावल्या. राजाचं नाव काढलं की आमच्या लोकांची अक्कल गहाण पडते.

झुंबरचं पहिलं मूल पोटातच गेलं. बायका म्हणाल्या, सवत कोपली. अभिमन ओट्यावर बसून म्हणाला, "भिकुना सभावच तापट व्हता." मेलेल्या गरीब बाईवर आळ घेताना त्याची जीभ अडखळली नाही. मला त्याची किळस आली.

झुंबर पुन्हा गरोदर राहिली, ती घाबरूनच. भाकरीचा पहिला तुकडा त्या नाण्याला दाखवायची, सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे हात जोडायची. "अक्का, यावखेत लेकरू राहू दे," एवढंच तिचं मागणं.

सातव्या महिन्यात बांगड्या भरायला मणियार आला. मी शेजारीच बसले होते. झुंबरचा हात धरता धरता त्याची नजर तिच्या गळ्याकडे गेली आणि तो हसला. त्याचा मामा हजला जाऊन आला होता, त्याच्याकडे अशी नाणी होती म्हणे. तिकडचा नवा राजा तुर्कांशी लढत होता, पण स्वतःची नाणी पाडायची सोय नव्हती. म्हणून दुसऱ्यांच्याच नाण्यांवर आपल्या मुलखाचं नाव ठोकत होता.

झुंबरने विचारलं, "चाचा, आठे भिकुबाई लिखेल शे ना?"

"नही, माय. हिजाज लिखेल शे. मुलुखनं नाव शे ते."

झुंबरने ते नाणं गळ्यातून उतरवलं. इतके महिने ती एका परक्या राणीपुढे लेकरासाठी हात जोडत होती, आणि भिकुबाईला एक घासही पोचला नव्हता. ती रडली नाही. पायातले माहेरचे वाळे काढले आणि मला घेऊन सोनाराकडे गेली; ते मोडून तिने भिकुबाईच्या नावाचा टाक घडवून घेतला.

टाकावरचा चेहरा कुणाचाच नसतो, एवढं मलाही कळतं. पण तो कुणाच्या नावाने घडवला, याला अर्थ असतो. झुंबरने भिकुबाईच्या आईला अमळनेरहून बोलावून घेतलं. म्हातारीने टाकाला हळद-कुंकू लावलं, छातीशी धरून रडली, आणि मग झुंबरच्या गळ्यात बांधून तिला "मन्ही पोर" म्हणाली. आम्ही सगळ्या रडलो.

अभिमन दारात उभा होता. त्याची नजर टाकावर नव्हती.

"ते मन्हं नानं कोठे शे?" तो म्हणाला. "चांदीनं शे ते."

झुंबरने ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ल्या. हाई तुम्हनी रानी. मन्ही सवत मन्हाजोडे शे."