न लागलेल्या कोचीची पोच

आमच्या घरात कुठलाही निरोप दिला की पोच द्यावी लागते. सासरे लष्करात सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी इकडचा निरोप तिकडे पोचवला, आणि समोरून 'मिळाला' असं आल्याशिवाय निरोप पोचला असं मानलं नाही. त्यामुळे दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये 'येताना दही आणा' असा मेसेज टाकला तरी उत्तर 'मिळाला' असंच द्यायचं. अंगठ्याचं चित्र टाकलं तर बाबा फोन करून विचारतात, 'अंगठा म्हणजे काय समजायचं?'

अशा माणसाला घेऊन मी क्रूझवर गेले. ज्यांना जायचं आहे त्यांनी हे जरूर वाचावं, आणि ज्यांच्या घरात असे बाबा आहेत त्यांनी दोनदा वाचावं.

निमित्त सासूबाईंचं होतं. झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत असताना त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये लीलाम्मा राहायची. केरळची. दोघींचे नवरे एकाच युनिटमध्ये, म्हणजे बहुतेक वेळ घराबाहेर. एकीला मराठी यायचं, दुसरीला मल्याळम, आणि दोघींना सारखंच मोडकं हिंदी. त्या हिंदीवर त्यांनी बाळंतपणं, गोवर, बदल्या आणि भरपूर भांडणं निभावली. मग पोस्टिंग बदललं, आणि त्यानंतर गाठ पडली ती फक्त फोनवर. लीलाम्माचे यजमान गेले तेव्हाही आईंना जाता आलं नाही, आणि ते त्यांच्या मनात राहिलं होतं.

क्रूझच्या जाहिरातीत मुंबई, कोची, लक्षद्वीप आणि परत मुंबई असं दिसल्यावर आईंनी लक्षद्वीपकडे पाहिलंच नाही. 'कोचीला बोट दिवसभर थांबते ना? मग लीला बंदराच्या फाटकावर येईल,' त्या म्हणाल्या. बाकी समुद्र वगैरे आमच्यासाठी.

पहिली गोष्ट रद्द झाली ती माझ्या नवऱ्याची रजा. त्याच्या मंत्रालयात अचानक काहीतरी महत्त्वाचं निघालं. हे त्याने आदल्या संध्याकाळी, मी बॅगा बांधत असताना, पाठ वळवून सांगितलं. तेव्हाच मला शकुन कळायला हवा होता.

द्वारकेहून विमानतळ जवळ, त्यामुळे सकाळच्या विमानाने दुपारपर्यंत आरामात मुंबई गाठता येते. फक्त बोटीच्याच दिवशी पोचायचा हट्ट धरू नका, धुक्याच्या दिवसांत तर नाहीच. आम्ही आदल्या दिवशी गेलो. बोटीवर चढताना बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत असं ऐकलं होतं. आईंच्या पिशवीत लीलाम्मासाठी पुरणपोळ्यांचा डबा होता. तपासणीच्या माणसाने विचारलं तेव्हा आईंनी 'दवाई है' असं इतक्या शांतपणे सांगितलं की मीही क्षणभर विश्वास ठेवला.

खोली घेताना उजव्या बाजूची घ्या, हा बाबांचा सल्ला मी तुम्हालाही देते. मुंबईहून दक्षिणेला जाताना उजवीकडे पश्चिम, म्हणजे खिडकीतूनच सूर्यास्त दिसतो. खोली आमच्या न्हाणीघरापेक्षा जरा मोठी. जेवण मात्र सढळ: डोसा, छोले, जैन वेगळं, आणि न्याहारीलाच गुलाबजाम. प्रवासी निम्मे आमच्याच बाजूचे, गुडगाव, नोएडा, पश्चिम विहार. समुद्रावर येऊनही लोक पार्किंगबद्दल बोलत होते.

दुसरा दिवस नुसता पाण्यावरचा. दुपारी कोचीहून फोन लागला तेव्हा किनारा जवळ असावा, कारण नेटवर्क थोडा वेळ आलं होतं. लीलाम्मा आदल्या दिवशीच गावाहून निघून कोचीत भाच्याकडे येऊन थांबली होती. मासे आणले होते, सकाळी कालवण करून डबा घेऊन ती फाटकावर येणार होती. 'मैं सुबह से खड़ी रहेगी,' ती म्हणाली. आईंनी बजावलं, 'अरे घुटने का ऑपरेशन हुआ है तेरा, बैठ के रह.' मग नेटवर्क गेलं.

संध्याकाळी आई चहाचा कप घेऊन सूर्यास्त बघायला खिडकीशी बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, 'अगं, सूर्य कुठे गेला?'

मी म्हटलं ढगात असेल. बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली, खिडकीतून पाहिलं आणि बाहेर गेले. बोटीच्या डाव्या अंगाला जाऊन आले तेव्हा चेहरा अगदी ड्युटीवरचा होता.

'सूर्य त्या बाजूला मावळतोय,' ते म्हणाले. 'बोट उलटी फिरलीय. आपण उत्तरेला चाललोय.'

त्याच वेळी खोलीतल्या स्पीकरवर गोड आवाजात घोषणा झाली. आम्ही तिघांनी कान टवकारले. पाचव्या मजल्यावर तंबोला सुरू होत होता.

आता चौकशीचा अनुभव सांगते, कारण तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते. खाली काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं की सगळी माहिती ॲपवर येते. ॲपवर लिहिलं होतं, 'तुमचा प्रवास अधिक आनंददायी होत आहे!' आणि अधिक माहितीसाठी काउंटरवर भेटा. बाबा काउंटर आणि ॲपमध्ये दोन फेऱ्या मारून आले. तिसऱ्या वेळी त्यांनी मुलीला विचारलं, 'बेटा, कल सुबह कोची है या नहीं?'

'सर, अभी तक तो है.'

'तो जहाज मुंबई की तरफ क्यों जा रहा है?'

ती म्हणाली, 'सर, ॲप रिफ्रेश कीजिए.'

मला हसू येत होतं, पण आईंकडे पाहिलं आणि ते गेलं. त्यांना बोट कुठे जाते याचं काही नव्हतं. 'लीला उद्या उन्हात फाटकावर उभी राहील,' त्या म्हणाल्या. 'बस म्हटलं तरी ती बसायची नाही. मी येणार म्हटल्यावर ती रात्रीपर्यंत हलायची नाही तिथून.' फोनला नेटवर्क नव्हतं. मी बोटीचं वाय-फाय विकत घेतलं. किंमत सांगत नाही, नवरा हा ब्लॉग वाचतो. त्यावर चक्र फिरत राहिलं आणि मेसेजपुढे घड्याळाचं चित्र तसंच राहिलं.

मग बाबांनी ते केलं जे सिग्नल्सचा माणूसच करील. रोज संध्याकाळी युनिटमध्ये रोल कॉल होतो: सगळे रांगेत उभे राहतात, हजेरी होते, आणि उद्याचा कार्यक्रम एकदाच, सगळ्यांना, स्पष्ट सांगितला जातो. बाबा काचेच्या लिफ्टसमोरच्या चौकात जाऊन उभे राहिले. पँटमध्ये शर्ट खोचलेला, हात मागे. आधी आमच्या जेवणाच्या टेबलावरचं गुडगावचं जोडपं आलं, मग त्यांचे मित्र, मग तंबोल्यातून कंटाळलेले लोक.

'तीन-तीन की लाइन बना लीजिए,' बाबा म्हणाले. आणि वाचकहो, दिल्लीकरांनी रांग केली. हे दृश्य मी पुन्हा बघेन असं वाटत नाही.

'जो मालूम है वो बताऊँगा. जो नहीं मालूम, वो भी बताऊँगा कि नहीं मालूम,' बाबांनी सुरुवात केली. 'सूरज जहाज के बाएँ तरफ डूबा है. मतलब हम उत्तर जा रहे हैं. कोची दक्षिण में है. क्यों लौटे, ये मालूम नहीं. किसी ने बताया नहीं. मेसेज मिला?'

दोन-चार माना हलल्या.

'मिला तो बोलिए, मिला.'

'मिला,' सगळे एकदम म्हणाले. वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरून लोक डोकावायला लागले. तंबोल्याच्या माणसाचे आकडे ऐकू येईनासे झाले. बहुधा त्यामुळेच कोटातला एक तरुण मॅनेजर धावत आला. घोषणा लवकरच होणार आहे, असं तो सांगू लागला.

'अब कर दीजिए,' बाबा म्हणाले आणि त्याला आपली जागा दिली.

बिचारा रांगेसमोर उभा राहिला आणि त्याने सांगून टाकलं. दक्षिणेला समुद्र खवळलेला, कोची रद्द, लक्षद्वीपचं काही सांगता येत नाही, उद्या गोवा. 'गोवा' म्हटल्यावर मागून एक बाई म्हणाल्या, 'गोवा तो हम दिवाली में होके आए.' मग भरपाई, बंदराचं शुल्क, अटी-शर्ती, सगळे एकदम बोलू लागले. अटींमध्ये बंदर बदलायचा हक्क त्यांच्याकडेच असतो, हे बुकिंग करताना बारीक अक्षरांत वाचून ठेवा. हवामानाशी कुणाचं भांडण नव्हतंच. वळायच्या आधी नाही तर निदान वळल्यावर तरी सांगायला काय झालं होतं, एवढाच मुद्दा होता.

त्या गलक्यात आई रांगेतून पुढे गेल्या. माझ्या सासूबाई चारचौघांत बोलत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्येही मला कोपराने ढोसून बोलायला लावतात. पण त्या मॅनेजरसमोर जाऊन म्हणाल्या, 'बेटा, मुझे पैसा नहीं चाहिए. एक फोन करना है. मेरी सहेली कल गेट पे खड़ी रहेगी. उसका घुटना खराब है.'

'मॅडम, वाय-फाय पॅकेज...'

'ले लिया है. नहीं चलता.'

तो घुटमळला. बोटीचा फोन प्रवाशांसाठी नसतो, असं काहीसं म्हणाला. तेव्हा पश्चिम विहारचे एक गृहस्थ, जे मघाशी भरपाईसाठी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते, ते म्हणाले, 'यार, पहले आंटी जी का फोन लगवा.' मग दुसरे म्हणाले. मग रांगच म्हणू लागली, पहिल्यांदा फोन. मॅनेजर आईंना काउंटरच्या आत घेऊन गेला.

मी शेजारी उभी होते. फोन लागला.

'लीला, मैं बोलती. सुन. कल मत आना. जहाज वापस जा रहा है.'

पलीकडून आवाज उशिराने येत होता. 'क्यों वापस? मैं मछली काट दिया.'

'तूफान है बोलते हैं. तू गेट पे मत जाना. मिला?'

आईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

'मिला,' लीलाम्मा म्हणाली. आणि मग, 'तू रो मत.'

'मैं कहाँ रो रही,' आई म्हणाल्या आणि रडल्या. मलाही आवरेना. इतकी वर्षं वाट बघून बाई अर्ध्या समुद्रापर्यंत गेली आणि तिथून परत फिरवली गेली, याचा मला खरंच राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

बाहेर रांग तशीच उभी होती. बाबांनी विचारलं, 'पोच मिळाली?' आईंनी मान हलवली. मग खोलीत जाऊन डबा आणला आणि रांगेतल्या सगळ्यांना पुरणपोळीचा तुकडा तुकडा वाटला. मॅनेजरलाही दिला. 'दवाई है,' मी त्याला सांगितलं.

पुढचं थोडक्यात. गोवा छान आहे, तुम्ही पाहिलेलंच आहे. लक्षद्वीपला मोठी बोट काठाला लागत नाही, छोट्या होड्यांतून उतरवतात, आणि लाटा असल्या की तेही नाही. ते रद्द झाल्याचं आम्हाला बाबांकडून कळलं. रोज संध्याकाळी रोल कॉल होत राहिला. मॅनेजर आता स्वतःहून आधी बाबांना येऊन सांगायचा, आणि बाबा सगळ्यांना. शेवटच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने एका काकूंना 'अंकल से पूछ लीजिए' असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. भरपाई म्हणून बोटीवरच्या दुकानात वापरायची सूट मिळाली. बाबांनी त्यातून होकायंत्र मागितलं. ते तिथे नव्हतं, म्हणून टोपी घेतली.

द्वारकेला परतल्यावर आईंनी पुरण शिजवायचं भांडं वरच्या फडताळात ठेवून दिलं. मी दुसऱ्या क्रूझचा विषय काढला तर म्हणाल्या, 'नको गं. बोटीच्या भरवशावर कुणाला उभं नाही करायचं.'

मग एका दुपारी आईंच्या फोनवर मेसेज आला. लीलाम्माचा. 'ट्रेन में बैठ गया. मिला?' आई इतक्या गडबडल्या की 'मिला' लिहायला त्यांनी मलाच हाक मारली. त्यानंतर केरळ ते दिल्ली हा सगळा प्रवास आम्ही घरी बसून केला. पालक्काड आया. विजयवाडा आया, चाय खराब. नागपूर आया, संतरा लिया. झाशी आलं तेव्हा लिहिलं, 'बबिना निकल गया, मैं खिड़की में थी.' प्रत्येक मेसेजला पोच दिली नाही की लगेच फोन. बाबा म्हणाले, 'बघ, युनिटची बाई आहे.' गाडी दीड तास उशिरा होती, तेही तिने आग्र्याच्या आधीच कळवलं. गुडघा दुखत असताना ती जिना चढून आली आणि दारातच दोघींचं भांडण सुरू झालं, की येऊन गुडघा खराब का केलास.

या सहलीतून मला काय मिळालं ते विचाराल तर हेच. समुद्र फारसा आठवत नाही. तुम्ही जरूर जा, जेवण चांगलं आहे, पण बंदरावर कुणी वाट बघणारं असेल तर गाडीने जा.

लीलाम्मा असतानाच, एका सकाळी, माझ्या मेलवर क्रूझ कंपनीचं पत्र आलं. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. 'प्रिय प्रवासी, कळवण्यास खेद होतो की हवामानामुळे आपल्या सहलीतील कोची येथील थांबा रद्द होण्याची शक्यता आहे.' लीलाम्माला हिंदीत सांगितलं. तिच्या तोंडात पुरणपोळी होती. ती गिळून म्हणाली, 'अच्छा हुआ बता दिया. नहीं तो मैं जाके खड़ी रहती.'

आई डोळे पुसत हसत होत्या. बाबा मात्र गंभीर होते.

'हसताय काय? निरोप आलाय ना? पोच दे.'

मी 'मिळाला' एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं. त्याची पोच अजून आलेली नाही.